दोन वाजताचे आकडे

"या घरात डब्यांना कपडे मिळतात, माणसांना मिळत नाहीत."

हे कपाटाच्या आतून आलं. बाबा कमरेपर्यंत कपाटात शिरून एकेक हँगर सरकवत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते. स्वतःशी पुटपुटायची त्यांची पट्टी मात्र अशी, की मागे पलंगावर मोजे जुळवत बसलेल्या आईला शब्दन्‌शब्द ऐकू यावा.

"काळा शर्ट ना? बाल्कनीत आहे," आई म्हणाली.

"वाळत घातलाय?"

"नाही. प्रयोगात आहे."

"अख्खा?"

"एक बाही फक्त. बाकीचा आहे की तुमचा तुम्हाला."

बाबांनी कपाटातून डोकं बाहेर काढलं. त्यांचं काम नळदुरुस्तीचं. दुसऱ्यांच्या सिंकखाली उताणं पडून ज्याचा दिवस जातो, त्याला एका बाहीचा शर्ट खुशाल चालावा असं आईचं मत होतं, आणि मोजे जुळवता जुळवता तिने ते मांडलंही. बाबांनी निळा शर्ट चढवला आणि ते बाल्कनीत जाऊन बघून आले. तिथे उन्हात तीन सारखे पत्र्याचे डबे ओळीने उभे होते. एकाला काळी बाही, एकाला उशीच्या पांढऱ्या अभ्र्याचा तुकडा, आणि मधला उघडा. तिन्हींत मापून सारखं पाणी. कोणतं पाणी किती तापतं, हे दोन आठवडे, रोज तीनदा बघायचं होतं.

"मधल्याला काही नाही घातलंस? गारठेल बिचारा," बाबा म्हणाले.

"तो तुलनेसाठी आहे," चौकशी म्हणाली. वहीतून मानही वर न करता.

मुलीचं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडी का, कसं आणि कशावरून एवढंच असायचं. आजोबांनी तिला चौकशी म्हणायला सुरुवात केली आणि मग ते चिकटलंच.

आणि ती वही. त्या वहीबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी फळा भरून नियम लिहून दिले होते. वही शिवलेली हवी, सुट्या कागदांची नको. आधी सगळ्या पानांना आकडे घालायचे, मगच पहिलं अक्षर लिहायचं. पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि बघणाऱ्याचं नाव. डावं पान कच्च्या आकृत्यांना, उजवं पक्क्या नोंदींना. पेननेच लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. पान फाडायचं नाही. आणि शेवटचा नियम बाईंनी दोनदा अधोरेखित केला होता: जे दिसलं ते आधी लिहा, जे वाटलं ते नंतर.

वर्गातल्या बाकी मुलांनी दुकानातून वह्या आणल्या. चौकशीची आई एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात पंधरा वर्षं काम करत होती. तिच्या घरात विकतची वही यावी म्हणजे शिंप्याच्या पोराने उघडं फिरावं तसं झालं असतं. तिने उरलेला चांगला जाड कागद आणला, सोळा सोळा पानांचे आठ फर्मे दुमडले, घडीवर हाडाची पट्टी दाबून फिरवली, आणि एका रविवारी सकाळी मेणाच्या दोऱ्याने सगळे एकमेकांत गुंतवून शिवले. पाठीला हिरवं कापड, बाहेरून पुठ्ठा. वही कुठेही उघडा, सपाट पडायची.

"ही वही माझ्या लग्नापर्यंत टिकेल," चौकशी म्हणाली होती.

"नवऱ्यापेक्षा जास्त टिकेल," आई म्हणाली होती, आणि बाबांनी खोकून निषेध नोंदवला होता.

एकशे अठ्ठावीस पानांना आकडे घालायला एक संध्याकाळ गेली. चौकशी आकडे घालत होती आणि आजोबा शेजारी बसून मोठ्याने मोजत होते. एकोणसत्तरवर ती चुकली, तर तिने आधी रडवेला चेहरा केला आणि मग नियमाप्रमाणे एक आडवी रेघ मारली. "शाब्बास," आजोबा म्हणाले. "चूक झाकली की तिची लबाडी होते."

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले आणि तपासले त्यांनी. भाजीवाल्यापासून औषधांच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून गेले होते. काट्यात खोट निघाली की ते त्यावर लाल चिठ्ठी लावायचे, 'वापरू नये', आणि मग दुकानदाराने चहा पाजो की हातापाया पडो, चिठ्ठी निघायची नाही. रस्त्यावरचे लोक त्यांना अजून काटेकाका म्हणत. तेव्हा सकाळी आठ आणि संध्याकाळी पाचचं तापमान चौकशीने घ्यायचं आणि ती शाळेत असताना दुपारी दोनचं आजोबांनी, हे ठरायला अर्धा मिनिटही लागलं नाही. मोजमापाचं काम त्या घरात दुसऱ्या कुणाला द्यायचं होतं?

रोज सकाळी चौकशी बाल्कनीतल्या स्टुलावरच्या डबीतून थर्मामीटर काढायची, तिन्ही डब्यांत आळीपाळीने बुडवायची, आणि आकडे मोठ्याने म्हणत लिहायची. आजोबा तिच्यामागे उभे. "चोवीस. चोवीस. चोवीस," ती म्हणे. "चोवीस," आजोबा म्हणत आणि डब्यांवर वाकून, त्यांची देखभाल केल्यासारखं, जरा इकडेतिकडे करत. दुपारची नोंद त्यांच्या हातची असे. जाड पेन, आणि आकडे असे टोलेजंग की एकेक आकडा दोन ओळी खाई आणि जाता जाता समासही ओलांडे.

"आजोबा, रेषेत लिहा ना."

"काटेवाल्याचा आकडा मोठाच असतो. समोरच्या फुटपाथवरून गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे."

यावर चौकशी हसली. आई हसली नाही. तिने चहाचा कप आजोबांच्या हाताशी सरकवला आणि बशीवर चमचा हलकेच वाजवला. गेले काही महिने ती कप असाच वाजवून ठेवत होती. आजोबांचा हात आवाजाच्या रोखाने येई आणि कप बरोबर पकडी. आता चमचा का वाजवायचा, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. आजोबांनी वर्तमानपत्र वाचायचं सोडलं, म्हणाले, हल्ली बातम्यांत काही राम नाही. मग बाबा रोज सकाळी मथळ्यांवर चिडल्याचं निमित्त करून पानभर मजकूर मोठ्याने वाचू लागले. एकदा आजोबांनी दाराजवळच्या खुंटीवरच्या रेनकोटला "या, बसा" म्हटलं. आईने झटकन रेनकोट काढून ठेवला आणि दार उघडून म्हणाली, "गेले वाटतं, घाईत होते." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून त्यानंतर दिवसभर तिचे कान गरम होते.

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, ती गोष्ट झाली.

चौकशी शाळेतून आली ती थेट बाल्कनीत गेली, वही उघडून बघितली आणि वही घेऊन स्वयंपाकघरात आली. दार लोटलं. तिचा चेहरा बघून आईने आधी हातातली सुरी खाली ठेवली.

"काय गं? कुणी काही बोललं?"

चौकशीने वही ओट्यावर ठेवली. पान एक्केचाळीस. गुरुवार, दुपारी दोन. बघणार: आजोबा. काळा चाळीस, उघडा अडतीस, पांढरा पस्तीस. आकडे नेहमीसारखेच धिप्पाड.

"बरोबर आहे की," आई म्हणाली.

चौकशीने दप्तर उघडलं आणि आतून थर्मामीटरची डबी काढून वहीवर ठेवली.

"बाईंना सगळ्यांचे थर्मामीटर तपासायचे होते. सकाळचं वाचून झाल्यावर मी नेला. आजोबांना सांगायला विसरले." "दुपारी तो घरात नव्हताच, आई. मग हे आकडे कुठून आले? आजोबांनी मनाने लिहिले? खोटे?"

"आजोबा? खोटे? काहीतरीच काय!"

"मग?"

आईकडे या 'मग'ला उत्तर होतं. ती म्हणाली, "गरम होतंय, आधी पाणी पी." जगातल्या सगळ्या आया अशा वेळी हेच म्हणत असाव्यात.

वही सोमवारी बाईंना द्यायची होती. प्रयोगाच्या शेवटी 'आकडे चुकले असतील तर त्याची कारणे' असं एक पान लिहायचं होतं, आणि बाई नेमकं तेच पान आधी उघडतात हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. शनिवारी आजोबा खाली पारावर गप्पा मारायला गेल्याचं बघून तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. कारणं शोधायला.

"ढग," बाबा म्हणाले.

"गुरुवारी ढग नव्हते. माझ्याकडे नोंद आहे."

"मांजर. मांजर पाणी प्यायलं."

"मांजर आकडे लिहीत नाही, बाबा."

"पत्रा. हल्लीचा पत्रा पूर्वीसारखा राहिला नाही. परवा एका ठिकाणी नवा कोरा पाइप—"

"अहो," आई म्हणाली.

"मी मदत करतोय."

"ते दिसतंय."

बाबा टेबलावरच्या मिठाच्या डबीचं झाकण लावायला आणि काढायला लागले. आईने त्यांच्याकडे बघितलं. ते बघत नव्हते. तेव्हा तिला कळलं की सकाळचे मथळे चिडून वाचणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक आहे, आणि आपल्यासारखंच तोही एकट्यानेच ते सांभाळत बसलाय.

मग चौकशीने वही तिच्याकडे फिरवली. पान त्रेचाळीस. वर सुबक अक्षरात 'कारणे', खाली '१', आणि पुढे एक ओळ खोडलेली. एका आडव्या रेघेने नाही. पेन गिरवून गिरवून, कागद मागून फुगेपर्यंत काळी केलेली. चार महिन्यांत या वहीत असं एकदाही झालं नव्हतं. आईने पान उजेडाकडे तिरपं धरलं. छापखान्यात उमटलेला दाब वाचायची तिला सवय होती. 'आजोबांना' एवढं लागलं, आणि तिने पान पुन्हा टेबलावर ठेवलं.

म्हणजे हिलाही माहीत होतं. एका घरात तिघं जण एकमेकांच्या पाठीआड एकच गोष्ट लपवत होते, आणि ज्याच्यापासून लपवायची त्याला ती सगळ्यांत आधी माहीत होती.

आईला ती लाल चिठ्ठी आठवली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खोट असलेला एकही काटा सोडला नाही, त्याच्या नावापुढे शाळेच्या वहीत, सगळ्या वर्गासमोर, 'यांचे आकडे धरू नयेत'? छे.

"ऐक," ती म्हणाली. "मी हा फर्मा बदलते."

"म्हणजे?"

"तेहेतीस ते अठ्ठेचाळीस. तोच कागद शिल्लक आहे माझ्याकडे. जुना फर्मा काढते, नवा शिवते. तू पुन्हा नीट लिहून काढ. गुरुवारचे दोन वाजले नाहीतच, असं समज. बाईंच्या बापालाही कळणार नाही."

"बाईंनी फाडू नका सांगितलंय."

"फाडतंय कोण? उसवतेय."

चौकशीने आईकडे बघितलं. जिने ही वही लग्नानंतरही टिकेल अशी शिवली, ती हीच का, असं काहीसं त्या नजरेत होतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "आजोबांसाठी?" आणि आईने मान हलवली तेव्हा तिनेही हलवली. पण वही आईच्या हाती देताना तिने ती जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

रविवारी सकाळी आईने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. सुई, मेणाचा दोरा, पातळ पात्याची कातर, खळीची वाटी. आजोबा बाल्कनीत उन्हाला बसले होते, बाबा टेबलाशी उगाच उभे होते, आणि चौकशी खुर्चीवर पाय वर घेऊन, पेन मुठीत धरून बसली होती. आईने पाठीचं हिरवं कापड सोडवलं. चाळीस आणि एक्केचाळीस या पानांच्या मधोमध, फर्म्याच्या बरोबर पोटात, दोऱ्याचे टाके दिसत होते. तिचेच टाके. तिने कातर घातली. कट्‌. दुसरा टाका. कट्‌. स्वतःच्या हातचं काम उसवताना तिला भलतंच वाईट वाटलं, आणि वाटतंय म्हणून स्वतःचा रागही आला.

"काय उसवतेस गं?"

आजोबा बाल्कनीच्या दारात उभे होते. एक हात चौकटीवर.

आजोबा टेबलापाशी आले. त्यांचा हात वर्तमानपत्रावरून सरकत गेला, वाटीला लागून थांबला, वाटी ओलांडून वहीवर आला. बोटं उघड्या पाठीवरून फिरली. एक, दोन फर्मे घट्ट. तिसरा सैल.

"तिसरा," ते म्हणाले. "गुरुवार यातच असेल."

"आजोबा, ते काय झालं—" आई म्हणाली.

"काय झालं ते मी ऐकलंय. स्वयंपाकघराचं दार लोटलंत तुम्ही, पण खिडकी बाल्कनीत उघडते. माझे कान अजून शाबूत आहेत." त्यांनी खुर्ची चाचपली आणि ते बसले. "तीन दिवस मी वाट बघतोय, की ही चौकशी आता येईल आणि चौकशी करेल. पोरगी सगळ्या जगाला विचारते आणि नेमकं मलाच विचारत नाही."

चौकशी खुर्चीवरून उतरली. थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, गुरुवारचं तापमान तुम्ही कशाने बघितलं?"

"बोटाने."

"कोणत्या?"

आजोबांनी उजव्या हाताचं मधलं बोट वर केलं, आणि ते काय दाखवतायत हे लक्षात येऊन बाबांनी खोकल्यात हसू दडवलं.

"याने," आजोबा म्हणाले. "रोज सकाळी तू चोवीस म्हणायचीस, की मी लगेच बोट बुडवायचो. म्हणजे चोवीस कसं लागतं ते मला समजलं. संध्याकाळी तू छत्तीस म्हणालीस, की छत्तीस समजलं. आठवडाभरात बोटाला सगळी पट्टी पाठ झाली. दुपारी दोनला रोज तेच बोट. वजनाचं असंच करायचो मी तरुणपणी. आधी हातावर तोलायचं, मग काट्यावर ठेवून ताडून बघायचं."

चौकशीचं तोंड उघडं राहिलं. तिने सुटलेल्या फर्म्याची पानं भराभर चाळली. "काळा सगळ्यांत गरम. पांढरा सगळ्यांत कमी. प्रत्येक दिवशी! आणि परवा ढग आले होते तेव्हा तुम्ही तिन्ही जवळजवळ सारखे लिहिलेत. आई, हे खोटं नाहीये. हे मोजलंय! फक्त साधन वेगळं होतं!"

"मग साधनाच्या रकान्यात तसं लिही," आजोबा म्हणाले. "आणि सूनबाई, ते आधी होतं तसं शीव. तोच फर्मा. त्या काळ्या केलेल्या ओळीसकट."

आईने सुई उचलली. दोरा ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला, कारण सुईचं नेढं मध्येच पाण्याने भरल्यासारखं दिसत होतं.

चौकशी पेन उघडून बसली. मग थांबली. तिची ती थांबण्याची तऱ्हा घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. अजून एक प्रश्न येणार होता.

"पण गुरुवारी थर्मामीटर नव्हता. बाकीचे दिवस तर होता. शेजारी, स्टुलावरच. मग रोजच बोट का?"

"अगं, जुन्या माणसांना ना, हाताचीच—" बाबा म्हणाले.

"चहा ठेवू का सगळ्यांना?" आई म्हणाली. दोघं एकाच वेळी.

"थांबा रे दोघंही," आजोबा म्हणाले. "चहा नको. पान कितवं?"

"त्रेचाळीस," चौकशी म्हणाली.

"तारीख घाल. वेळ घाल. घातलीस?"

"घातली."

"आता लिही. मला दिसत नाही." त्यांनी तोंड तिच्या दिशेने केलं, जरासं चुकलं, आणि मग तिच्या श्वासाच्या रोखाने नीट वळवलं. "थर्मामीटरची रेघ नाही दिसत, आकडे नाही दिसत. उजेड दिसतो, माणूस उभा आहे एवढं दिसतं. तू वेणी घालतेस की केस कापलेस, हे मला उन्हाळ्यापासून माहीत नाही."